प्रिन्स ऑफ पर्शिया पुन्हा खेळताना: जुन्या तळघरापासून नव्या खेळांपर्यंत

प्रिन्स ऑफ पर्शिया हा जुना कॉम्प्युटर गेम पुन्हा खेळायला घेतला की बहुतेकांची गाडी पहिल्या दहा मिनिटांतच अडते. राजपुत्र कड्यावर थांबत नाही, खिळ्यांवर जाऊन पडतो, पहारेकऱ्यासमोर तलवार उपसायला उशीर करतो. दोष वयाचा नसतो आणि संगणकाचाही नसतो. आजच्या खेळांत कळ दाबली की पात्र त्याच क्षणी वळतं, तीच सवय बोटांना लागलेली असते. या राजपुत्राला मात्र वजन आहे. धावायला लागला की थांबण्यासाठी त्याला दोन पावलं लागतात. उडी घेतली की ती पुरी होईपर्यंत तो तुमचं ऐकत नाही.

हे वजन मुद्दाम आणलेलं आहे. खेळाचा निर्माता जॉर्डन मेकनर याने १९८५ मध्ये धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावलं आणि ते व्हिडिओवर टिपलं. मग एकेका चौकटीचे फोटो काढून, बाह्यरेषा गिरवून ती हालचाल ॲपल टू संगणकावर चढवली. खेळ १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने बाजारात आणला आणि १९९० मध्ये तो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीवर आला. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासमधल्या मशिनवर तो पोचला तो याच रूपात. त्यातलं प्रत्येक पाऊल खऱ्या माणसाच्या पावलावरून घेतलेलं आहे, म्हणून ते खऱ्या माणसाइतकाच वेळ घेतं. एवढं डोक्यात ठेवून खेळलं तर पहिला भागही जमतो आणि पुढच्या भागांनी त्यातून काय घेतलं, काय टाकलं तेही दिसू लागतं.

कोणते भाग, कोणत्या क्रमाने

सगळे भाग खेळण्याची गरज नाही. १९८९ चा पहिला भाग, २००३ चा सँड्स ऑफ टाइम, २००४ चा वॉरियर विदिन, २००५ चा द टू थ्रोन्स आणि २०२४ चा द लॉस्ट क्राउन, या पाचांत मालिकेचा कणा येतो. १९९३ चा दुसरा भाग, म्हणजे द शॅडो अँड द फ्लेम, पहिला पुरा झाल्यावरच घ्यावा. त्यात एकाच वेळी अनेक पहारेकरी अंगावर येतात आणि वेळ ७५ मिनिटं असते. १९९९ चा त्रिमितीतला भाग खुशाल वगळा. २००८ चा भाग दिसायला फार देखणा आहे. त्यात राजपुत्राची सोबतीण एलिका दर वेळी हात देऊन वाचवते, त्यामुळे पडण्याची भीतीच उरत नाही. मालिकेचा स्वभाव त्यातून कळत नाही, तरी निवांत खेळायला तो छान आहे. त्याचा पुढचा छोटा जोडभाग पीसीवर आलाच नाही, तेव्हा पीसीवर गोष्ट अर्धवट वाटली तर ते तसंच आहे.

पहिला भाग टाळून थेट २००३ वर जाऊ नका. त्यातली काळ मागे फिरवण्याची सोय किती मोठी आहे, हे ती नसताना साठ मिनिटं काढल्याशिवाय समजत नाही.

पहिला भाग आजच्या संगणकावर

दोन रस्ते आहेत. जुनी फ्लॉपी किंवा सीडी जपून ठेवली असेल, तर तिच्यातल्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरवा आणि डॉसबॉक्स हा जुने डॉसचे खेळ चालवणारा मोफत प्रोग्राम टाका. आज्ञा टाइप करण्याची गरज नाही. खेळाची मुख्य फाइल माउसने उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडली की खेळ सुरू होतो. ऑल्ट आणि एंटर दाबल्यावर पूर्ण पडदा मिळतो. चाल अडखळत असेल तर कंट्रोल आणि एफ-१२ दाबून गती वाढवा, कंट्रोल आणि एफ-११ दाबून कमी करा.

पडद्याचा आकार मात्र हाताने दुरुस्त करावा लागतो. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं आहे आणि ते ४:३ आकाराच्या जुन्या मॉनिटरवर भरून दिसायचं. म्हणजे एकेक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला सव्वापटीच्या जवळ, नेमका १.२ पट असायचा. आजच्या रुंद पडद्यावर चित्र ताणलं गेलं की राजपुत्र बुटका आणि जाडा दिसतो आणि उडीचं अंतर डोळ्यांना चुकीचं भासतं. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आकार-दुरुस्तीची ओळ चालू करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या म्हणजे बरोबर झालं.

दुसरा रस्ता एसडीएल-पॉपचा. डॉसवरच्या खेळाचं यंत्र उलगडून उत्साही मंडळींनी तो नव्याने लिहिला आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅकवर तो सरळ चालतो. प्रोग्राम मुक्त आहे, पण मूळ चित्रं आणि आवाज यांचे हक्क मूळ मालकांकडेच आहेत, हे लक्षात असू द्या. यात एफ-६ ने कुठेही सेव्ह होतं आणि एफ-९ ने तिथे परतता येतं. सरावाला ही सोय उत्तम आहे. खरा डाव मांडाल तेव्हा मात्र ती वापरू नका.

जुनी नक्कल केलेली प्रत असेल तर पहिली लेव्हल संपताच एक अनोळखी खोली लागते. तिथे बाटल्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर एक अक्षर असतं. छापील पुस्तिकेतलं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द पाहून त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायची असते. चोरटी प्रत रोखण्यासाठी केलेला तो बंदोबस्त होता. पुस्तिकेशिवाय अंदाजाने चुकीच्या बाटल्या प्याल तर राजपुत्र मरतो, आणि तो खेळातला बिघाड नसतो.

आधी कीबोर्ड नीट करा

या खेळात शिफ्ट ही सर्वांत महत्त्वाची कळ आहे. सावध पाऊल, वस्तू उचलणं, कड्याला लोंबकळणं आणि तलवारीचा वार हे सगळं शिफ्टवर चालतं. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीजची खिडकी उघडते, आणि ती नेमकी लढाईच्या मधोमध उघडते. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, असं जाऊन स्टिकी कीज आणि तिचा शॉर्टकट दोन्ही बंद करा.

मराठी टायपिंगसाठी दुसरी भाषा बसवलेली असेल तर आणखी एक अडचण येते. ऑल्ट-शिफ्ट किंवा कंट्रोल-शिफ्ट एकदम दाबलं गेलं की कीबोर्ड नकळत मराठीवर जातो आणि अक्षरांचे शॉर्टकट चालेनासे होतात. खेळापुरती भाषा बदलण्याची ती कळजोडी काढून टाका.

तिसरी गोष्ट हार्डवेअरची. साध्या लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी पोचतच नाही. धावताना डावा बाण, वरचा बाण आणि शिफ्ट एकत्र लागतात, तेव्हा उडी होते पण हात कडा पकडत नाही. तपासायचं असेल तर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही शिफ्ट कळा वापरून पाहा, अनेकदा एक चालते आणि दुसरी नाही. दोन्ही रुसल्या तर नाशिकच्या एम. जी. रोडवरून वायरचा वेगळा कीबोर्ड आणा. दुकानात विचारताना ‘एकदम तीन-चार कळा दाबल्या तर चालतात का’ असं विचारा आणि तिथेच लावून पाहा.

पाय बसवणं

पहिल्या लेव्हलवर अर्धा तास फक्त चालण्यासाठी द्या. घड्याळाकडे पाहू नका.

शिफ्ट धरून बाण दाबला की राजपुत्र एकच सावध पाऊल टाकतो. कड्याजवळ आला की तो आपोआप अडखळून थांबतो. त्यानंतर पुन्हा तेच दाबलं तर मात्र तो खाली उतरतो. त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर गडावर खोबणीत हात घालून एकेक पायरी चाचपत चढतात, तीच रीत इथे लागते. कडा आला की एक सावध पाऊल, थांबणं, मग निर्णय. नवशिके दुसरं पाऊल घाईत टाकतात आणि पडतात.

खाली उतरायचं असेल तर उडी मारू नका. कड्याकडे पाठ करून उभे राहा आणि खालचा बाण दाबून लोंबकळा, मग हात सोडा. एक मजला पडलं तर काही होत नाही. दोन मजले पडलं तर जीव दाखवणाऱ्या त्रिकोणांपैकी एक जातो. तीन मजल्यांवरून पडलं तर मरण. पडताना समोर कडा असेल तर शिफ्ट दाबून ठेवा, हात आपोआप पकडतो.

धावत उडीसाठी धाव सुरू झाल्यावर कड्याच्या जरा आधीच वरचा बाण दाबावा लागतो. कडा आल्यावर दाबला तर उशीर झालेला असतो, कारण चालू पाऊल पुरं झाल्याशिवाय उडीचं चित्र सुरू होत नाही. अंतर जमत नसेल तर एक युक्ती कामी येते. सावध पावलांनी कड्यापर्यंत जा, मग उलट फिरून काही फरश्या मागे या आणि तिथून धाव घ्या. अशाने धाव दर वेळी त्याच जागेवरून सुरू होते आणि उडीही त्याच जागी लागते.

सैल फरशी ओळखायला जागेवर उभी उडी मारा. आसपासची सैल फरशी खडखडते. खिळ्यांवरून सावध पावलांनी सुखरूप जाता येतं, धावलात किंवा वरून पडलात की खेळ संपतो. उघडझाप करणाऱ्या पात्यांच्या जबड्यासमोर अगदी चिकटून उभे राहा, तो मिटून उघडायला लागला की लगेच एक सावध पाऊल टाका. दूरून धावत जाऊन वेळ साधण्याचा मोह टाळा.

तलवार

पहिल्या लेव्हलमध्ये पहारेकऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. तलवार नसताना त्याचा एक वारच पुरतो. आधी तलवार शोधा, ती जमिनीवर पडलेली असते, शेजारी उभं राहून शिफ्ट दाबली की राजपुत्र उचलतो.

लढाईत वरचा बाण म्हणजे वार अडवणं, शिफ्ट म्हणजे वार करणं, खालचा बाण म्हणजे तलवार म्यान करणं. पुढे धावून सतत वार करणारा हरतो. जागेवर थांबा आणि पहारेकऱ्याला येऊ द्या. त्याचा हात उठला की अडवा आणि अडवल्याबरोबर शिफ्ट दाबा. अडवणं आणि वार यांच्यात खंड पडला तर तो सावरतो. मागे कडा असेल तर लढाई सुरू होण्याआधीच पुढे सरकून जागा घ्या. त्याच्यामागे खड्डा किंवा जबडा असेल तर एकेक पाऊल रेटत त्याला तिकडे न्या, तलवारीने मारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. या झुंजींच्या हालचाली १९३८ च्या एका रॉबिनहूडपटातल्या शेवटच्या द्वंद्वावरून गिरवलेल्या आहेत. त्यात मार, अडव, मार असा ठेका आहे, आणि तो कानात बसला की पहारेकरी सोपे वाटायला लागतात.

साठ मिनिटं पुरवायची कशी

जाफर हा वजीर राजकन्येला एक तासाची मुदत देतो आणि खेळही खरोखर एका तासातच संपवावा लागतो. मेल्यावर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. सगळे फसतात ते इथे. चौथ्या लेव्हलमध्ये पंधरा वेळा मेलात आणि शेवटी ती जिंकलीत, तरी पुढे वेळ उरलेला नसतो.

डॉसच्या आवृत्तीत तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी ने सेव्ह होतं आणि कंट्रोल-एल ने ते उघडतं. सेव्हमध्ये राजपुत्राची जागा राहत नाही, लेव्हल आणि उरलेला वेळ राहतो. म्हणून लेव्हल सुरू होताच पहिल्या सेकंदाला सेव्ह करा, मधे करू नका. मधे केलं तर उघडल्यावर लेव्हल पहिल्यापासून आणि घड्याळ मात्र खर्च झालेलं, असा दुहेरी तोटा होतो. सेव्हची फाइल एकच असते, त्यामुळे प्रत्येक लेव्हलनंतर तिची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नावात लेव्हल व उरलेली मिनिटं लिहा. पुढे वेळ कमी पडला तर कोणत्या लेव्हलमध्ये मिनिटं गळाली ते लगेच कळतं आणि तेवढीच लेव्हल पुन्हा खेळता येते. उरलेला वेळ स्पेसबारने दिसतो. कंट्रोल-ए ने लेव्हल पुन्हा सुरू होते. उडी चुकून अर्धमेले झालात तर रेंगाळण्यापेक्षा ते परवडतं.

छोट्या बाटल्यांतली लाल एक त्रिकोण भरते, निळी एक घेते. मोठी लाल बाटली कमाल जीव वाढवते आणि ती घेण्यासाठी वाट वाकडी करावी. सुरुवातीला तीनच त्रिकोण असतात. शेवटी जाफरसमोर तीन त्रिकोणांनी टिकणं फार कठीण जातं.

नेमक्या अडणाऱ्या जागा

तिसऱ्या लेव्हलमधला सांगाडा तलवारीने मरत नाही. त्याला कड्यावरून खाली ढकला. चौथ्या लेव्हलमध्ये दार उघडून परत येताना वाटेत आरसा उभा राहतो. त्याच्यातून धावत उडी मारायची. फुटलेल्या आरशातून सावली बाहेर पडते आणि तुमच्याकडे एकच त्रिकोण उरतो. पाचव्यात ती सावली मोठी बाटली तुमच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकते. तिला अडवण्यात मिनिटं घालवू नका. सहाव्याच्या शेवटी ती दार लावते आणि राजपुत्र खाली कोसळतो. घाबरू नका, तोच सातव्या लेव्हलचा रस्ता आहे, फक्त पडतानाच शिफ्ट दाबून ठेवा. आठव्यात बंद दारामागे अडकलात तर शांत उभे राहा. राजकन्येने पाठवलेला उंदीर येऊन दाबाच्या फरशीवर चढतो आणि दार उघडतं.

बाराव्या लेव्हलमध्ये सावली पुन्हा समोर येते. तिला मारलेला प्रत्येक वार तुमच्याच जीवातून जातो. खालचा बाण दाबून तलवार म्यान करा आणि तिच्यात शिरा. पुढे रिकामी दरी दिसते. तिच्यावरून चालत निघा, पायाखाली फरशी उमटत जाते. मालिकेतला सर्वांत सुंदर क्षण हाच, आणि तो सुचला टंचाईतून. ॲपल टूच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं मावत नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून एकमेकांवर उलटसुलट रंगवली आणि त्यातून लुकलुकणारी सावली तयार झाली.

२००३ नंतरचे भाग

सँड्स ऑफ टाइम आणि पुढचे दोन भाग स्टीम व गॉग या खेळांच्या ऑनलाइन दुकानांत मिळतात. जुना खेळ नव्या यंत्रावर अडखळला तर दोन गोष्टी आधी करा. चित्रांचा वेग सेकंदाला ६० वर बांधा, आणि टास्क मॅनेजरमधून खेळाला प्रोसेसरचा एकच कोर द्या. हे खेळ एका कोरच्या काळात लिहिलेले आहेत. धुक्याचं सेटिंग बंद केल्यानेही काही यंत्रांवर फरक पडतो.

काळाचा खंजीर पडलेली उडी मागे फिरवतो. त्यात वाळू शिल्लक असेपर्यंतच ते जमतं, म्हणून आडव्या पाडलेल्या प्रत्येक शत्रूवर खंजीर मारून वाळू शोषून घ्या. तसं केलं नाही तर तो पुन्हा उठतो. शेवटच्या टप्प्यात खंजीर हातात नसतो. आधीपासून अधूनमधून न फिरवता उड्या मारायची सवय ठेवली तर तिथे हाल होत नाहीत.

वॉरियर विदिन काळवंडलेला आणि रागीट आहे, पण उड्यांच्या रचनेत तिन्हींत तोच सरस वाटतो. त्याचा खरा शेवट पाहायचा असेल तर शेवटच्या लढाईआधी जीव वाढवणाऱ्या नऊही जागा शोधाव्या लागतात. त्या सापळ्यांनी भरलेल्या आडवाटांच्या टोकाला असतात. नऊ झाल्या की पाण्याची तलवार मिळते आणि शेवट बदलतो. टू थ्रोन्सची गोष्ट या दुसऱ्या शेवटापासून सुरू होते. वॉरियर विदिन काही जागी कायमचा अडकतो, तेव्हा एकाच सेव्हवर विसंबू नका, किमान तीन आलटूनपालटून वापरा.

सँड्स ऑफ टाइमची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली, तेव्हा ती घडवण्याचं काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे गेलं. या मालिकेच्या इतिहासात महाराष्ट्राचं नाव येतं, याचा आनंद आहे. २००७ चा असॅसिन्स क्रीडही मुळात प्रिन्स ऑफ पर्शियाचा पुढचा भाग म्हणूनच सुरू झाला होता. गच्चीवरून गच्चीवर उड्या घेणारे आजचे कितीतरी नायक याच घरातले आहेत.

लॉस्ट क्राउन पुन्हा बाजूने दिसणाऱ्या चित्राकडे परतला. सेटिंगमध्ये फारसी आवाज निवडा, गोष्ट लगेच आपल्या जागी बसते. न उघडणारं दार दिसलं की नकाशावर त्या जागेचं चित्र टाचून ठेवण्याची सोय आहे. ती पहिल्यापासून वापरा, नाहीतर वीस तासांनंतर कुठे काय राहिलं ते आठवत नाही.

एक धाव स्वतः गिरवून पाहा

मेकनरचं तंत्र समजायला एक दुपार पुरते. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, आणि चित्रपटाकडे वळताना त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चौकट टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. चौकटीचौकटीने हालचाल पकडण्याची ही रीत नाशिकला परकी नाही.

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी कोवळ्या उन्हात घरातल्या मुलाला पांढरे कपडे घालून धावायला लावा, मागे गडद झाडी येईल अशी जागा घ्या. मोबाइल स्टँडवर पक्का बसवा, तो कंबरेच्या उंचीवर आणि धावण्याच्या दिशेला काटकोनात हवा. हातात धरलेला मोबाइल हलतो आणि गिरवलेली पावलं घसरलेली दिसतात. व्हिडिओ सेकंदाला ६० चौकटींचा घ्या आणि त्यातली दर पाचवी चौकट निवडा. उरतात सेकंदाला १२, डॉसचा राजपुत्र याच वेगाने हलतो. क्रिटा या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक चौकटीवर वेगळा थर घेऊन आधी टाच, गुडघा, कंबर, खांदा आणि डोकं असे पाच ठिपके द्या, मग बाह्यरेषा काढा. कपड्यांच्या चुण्या काढू नका, त्या दर चौकटीत बदलतात आणि चित्र थरथरतं. शेवटी सगळे थर १२ च्या वेगाने चालवा. पाय जमिनीवरून सरकताना दिसला तर जमिनीला टेकलेल्या टाचेचा ठिपका त्या दोन-तीन चौकटींत एकाच जागी आणा आणि बाकीचं शरीर त्याच्याभोवती पुढे सरकवा.